बदामी की विटकरी?

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत शेडकार्डं उघडली जातात आणि एक जुना वाद नव्याने सुरू होतो. आतली लहान खोली ऊबदार वाटावी, दिवसाच्या शेवटी तिथे टेकावंसं वाटावं, यावर सगळ्यांचं एकमत असतं. ती ऊब फिक्या रंगातून येईल की गडद, यावर मात्र एकाच घरातली दोन समंजस माणसंही अडून बसतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

फिक्या रंगाची बाजू आधी पाहू. शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीला बहुधा एकच खिडकी असते आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. अशा ठिकाणी आत येणारा उजेड वाया घालवून चालत नाही. पांढरट भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के खोलीला परत देते, तर गडद विटकरी किंवा मेंदी रंगाची भिंत १०-१५ टक्क्यांच्या आसपास. घरात मोतीबिंदू झालेले आजी-आजोबा असतील, तर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. शिवाय पावसाळ्यात ओल येऊन पोपडे सुटले, तर बदामी भिंतीवरची डागडुजी खपून जाते, गडद भिंतीवर तिचं ठिगळ उठून दिसतं. भाड्याच्या घरात तर गडद रंग म्हणजे सोडून जाताना पुन्हा दोन-तीन हात मारायचा खर्च.

दुसरीकडे, खोली मोठी आणि उजळ दिसणं म्हणजेच ती ऊबदार असणं, हे गृहीतक तपासून पाहायला हवं. नोकरी-शाळेतून परतलेलं घर त्या खोलीत एकत्र येतं ते रात्री आठनंतर. तेव्हा खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा हिशेब उरतच नाही. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली विटकरी, हळदी किंवा मातकट भिंत डोळ्यांना शांत वाटते, कोपरे जवळ आल्यासारखे भासतात. तीच खोली पांढरी असेल आणि वर ६५०० केल्विनची ट्यूब असेल, तर ती दवाखान्यासारखी कोरडी वाटते. उत्तरेकडे खिडकी असेल तर आणखी एक अडचण. तिथे वर्षातले बरेच महिने थेट ऊन येत नाही, येणारा उजेड निळसर असतो आणि त्यात शुभ्र भिंत उजळण्याऐवजी करडी दिसू लागते.

गडद रंगाने खोली तापेल, ही शंका उन्हाळा सोसणाऱ्या आपल्या भागात स्वाभाविक आहे. मात्र घर तापतं ते मुख्यतः गच्चीमुळे, बाहेरून ऊन लागणाऱ्या भिंतींमुळे आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे. आतल्या रंगाचा त्यात वाटा फार थोडा.

‘एक भिंत हायलाइट करू’ हा रंगाऱ्यांचा मध्यममार्ग खर्चाला परवडतो आणि दोन्ही पक्षांना गप्प करतो, म्हणून लोकप्रिय आहे. लहान खोलीत मात्र त्यातून फारसं साधत नाही, कारण त्या भिंतीला पाठ टेकून बसणाऱ्याला उरलेल्या तीन पांढऱ्या भिंतीच दिसतात. त्यापेक्षा जुन्या चाळींत आणि शाळांत असायची ती दुरंगी भिंत अधिक विचारपूर्वक केलेली होती. खाली तीन-चार फुटांपर्यंत गडद ऑइल पेंट, वर पांढरा चुना. पाठ टेकते, तेलकट डोकं घासतं, मुलांचे हात लागतात तो भाग गडद आणि धुता येणारा. वरच्या भागाने उजेड राखायचा.

सगळं तोलून पाहता आमचा कल मध्यम गडद, मातकट रंगाकडे आहे: चारही भिंतींना तोच, छत मात्र पांढरं. अट दोन गोष्टींची. घर स्वतःचं असावं आणि खोलीचा मुख्य वापर संध्याकाळनंतरचा असावा. दिवसभर त्याच खोलीत वाचणारं, शिवणकाम करणारं किंवा अधू नजरेचं माणूस असेल, तर बदामीच्या बाजूचे मुद्दे आम्हाला अधिक वजनदार वाटतात. तिथे ऊब पडदे, चादरी आणि दिवे यांतून आणता येते.

निवड काहीही असो, निर्णय शेडकार्डावर सोडू नये. चार भिंतींचा उजेड एकमेकींवर पडून रंग अधिक दाट होतो. म्हणून कार्डावर मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी. डब्यातला थोडा रंग मोठ्या कार्डशीटवर दोन हात लावून ती खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीवर आळीपाळीने चिकटवावी, सकाळी आणि रात्री पाहावी. दिवे बदलायचे असतील, तर ते आधी बदलावेत. पांढऱ्या ट्यूबखाली पसंत केलेली विटकरी छटा पिवळ्या दिव्याखाली वेगळीच निघते, आणि तोवर रंगारी पैसे घेऊन गेलेला असतो.