अंगणातले हिरवे प्लास्टिक

काही वर्षांपूर्वीपर्यंत बॉक्स क्रिकेटची 'टर्फ' शहराच्या कडेच्या मोकळ्या भूखंडांवर दिसत. आता तेच कृत्रिम गवत बंगल्यांच्या परसात, सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात आणि गच्चीवरही अंथरले जाऊ लागले आहे. कारणे समजण्यासारखी आहेत. चिखल नाही, माळी नको, पाणी घालायला नको आणि मुले मोबाइल खाली ठेवून खेळतील ही आशा. आशा रास्तच आहे. पण ज्या सुट्टीसाठी हा खटाटोप होतो ती एप्रिल-मेमध्ये येते आणि या गवताची मोठी अडचण नेमकी त्याच दिवसांत आहे.

खरे गवत मुळांनी ओढलेले पाणी पात्यांतून हवेत सोडते आणि त्या बाष्पीभवनाने स्वतःला थंड ठेवते. पॉलिएथिलीनच्या पात्याला ही सोय नाही. त्याच्यावर पडलेले ऊन उष्णता होऊन तिथेच साचते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ मध्ये मैदानावर मोजमापे घेतली गेली, तेव्हा हवेचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेल्याचे आढळले. पाणी मारून ७९ अंशांचा पृष्ठभाग २९ अंशांवर आणला, तर वीस मिनिटांत तो पुन्हा ७३ अंशांवर पोहोचला. म्हणजे 'दुपारी पाइपने पाणी मारा' हा विक्रेत्याचा सल्ला फार तर एका डावापुरता. शिवाय पाणी वाचवण्यासाठी आणलेल्या गवताला मे महिन्यात पाणी पाजायचे, हा उलटाच व्यवहार.

महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचे दिवस येतात, भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो. विदर्भात तर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. साठ अंशांच्या पृष्ठभागावर उघडा तळवा काही सेकंद टेकला तरी त्वचा भाजू शकते. लहान मुलांचा धोका अधिक, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पसारा मोठा असतो, त्यांना घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात तहानेकडे लक्ष नसते. भोवती सिमेंटची कंपाउंड भिंत असली की वारा अडतो आणि तापलेली भिंतही आपल्या परीने भर घालते. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही लक्षणे दिसली की मुलाला सावलीत आणून पाणी द्यायचे आणि अंग ओले करायचे. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध पडले, तर अंगावर पाणी ओतत तातडीने रुग्णालय गाठायचे. खेळ सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. हे गवत तापते लवकर तसे निवतेही लवकर, एवढी गोष्ट त्याच्या बाजूची. आणि पाचोळा पडतो म्हणून परसातला आंबा किंवा चिकू तोडून तिथे टर्फ घालणाऱ्यांनी मिळत असलेली सावली पैसे मोजून घालवलेली असते.

जास्त चर्चा मात्र होते ती कर्करोगाची. पात्यांमध्ये भरलेले काळे दाणे बहुधा जुन्या टायरांचे असतात आणि टायरमध्ये घातक रसायने असतात, हे खरे. नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालांनुसार खेळाडूच्या शरीरात त्यांतले जाण्याचे प्रमाण फार कमी असते. भीतीने झोप उडावी असे त्यात नाही. पण हे दाणे बुटांतून, मोज्यांतून घरभर होतात, पावसात गटारात जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणताना क्रीडांगणांत भरायच्या अशा दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद करण्याचे ठरवले, ते मुख्यतः यासाठीच. घरच्या अंगणात धुतलेली वाळू चालते. रांगणारे मूल असेल तिथे रबरी दाणे नकोतच.

खर्चाच्या पत्रकात सगळ्यात कमी लिहिले जाते ते गवताखालच्या थरांबद्दल, आणि गुडघे, घोटे, डोकी तर त्याच्याच भरवशावर असतात. नीट काम म्हणजे माती खणून खडीचे थर दाबणे, वर बारीक चुरी, किंचित उतार आणि गवताखाली धक्का शोषणारी गादी. सर्रास होते ते असे : शहाबादी फरशी किंवा कोबा आहे तसाच ठेवून त्यावर गवत चिकटवले जाते. वरून मऊ दिसते म्हणून मुले बेधडक झेप घेतात आणि खाली दगड असतो. खरचटलेही जोरात जाते. अमेरिकेत २००३ मध्ये सेंट लुईस रॅम्स या फुटबॉल संघातील पाच खेळाडूंना प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग झाला, तो टर्फवर खरचटलेल्या जागीच. म्हणून जखम साबणाच्या पाण्याने धुऊन झाकायची, एकमेकांचे टॉवेल वापरायचे नाहीत.

कोब्यामुळे पावसाळ्यात दुसरे दुखणे सुरू होते. बॅडमिंटन कोर्टाएवढी, १३.४ बाय ६.१ मीटर जागा घेतली, तर २५ मिलिमीटर पावसात तिच्यावर दोन हजार लिटर पाणी पडते. ते पूर्वी बरेचसे मातीत मुरायचे. आता ते शेजाऱ्याच्या दारात जाते किंवा गवताखाली साचते; मग शेवाळ, कुबट वास आणि ज्या खड्ड्यात ते वळवले त्यात डासांच्या अळ्या. आठवड्यातून एकदा तो खड्डा कोरडा करणे हे डेंग्यूच्या दृष्टीने गवत झाडण्याहून महत्त्वाचे काम.

एवढे करूनही हे गवत साधारण आठ-दहा वर्षे टिकते. उन्हाने पाती ठिसूळ होऊन तुटतात, केरसुणीबरोबर कचऱ्यात जातात. वाळू चिकटलेली ती जड गुंडाळी पालिकेची घंटागाडी घेत नाही. रंग किती वर्षे टिकेल याची हमी ठेकेदार छापून देतो. जुने गवत परत नेण्याचे कलम करारात घालून घ्यायचे असेल, तर ते आगाऊ रक्कम देण्याआधीच.