शपथ मुलांची, पुडी आपली

मागच्या आठवड्यात नातू शाळेतून आला तो छातीवर बिल्ला लावूनच. "आजोबा, आज आम्ही तंबाखूमुक्तीची शपथ घेतली!" हात पुढे करून त्याने ती सगळी म्हणूनही दाखवली. सातवीत आहे. मी शाबासकी दिली, पण खरं सांगायचं तर मनातून जरा ओशाळलो. का, ते सांगतो.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. आमच्या वेळी शपथा नव्हत्या, निबंध होते. 'धूम्रपानाचे दुष्परिणाम' हा विषय मी दर वर्षी घालायचो. फुप्फुसं, कर्करोग, पैशाचा अपव्यय आणि शेवटी एखादं सुभाषित. मुलं ठरीव ओळी लिहायची, मी लाल शाई फिरवायचो. आणि मधल्या सुट्टीत त्याच वर्गातल्या एका मुलाच्या हातावर पैसे ठेवून म्हणायचो, "जा रे, टपरीवरून दोन सिगारेटी आण." शिक्षकांच्या खोलीत निम्मे ओढणारे, उरलेल्यांतले काही चुना मळणारे. ज्याला धाडायचो त्याला त्यात मोठा मान वाटायचा. सरांच्या मर्जीतला ना तो!

बऱ्याच वर्षांनी तो एका लग्नात भेटला. पाया पडला आणि हसत म्हणाला, "सर, तुम्ही दोन सांगायचात, मी तीन आणायचो. उरलेले पैसे तुम्ही कधी मोजलेच नाहीत." तिसरी शाळेमागच्या भिंतीआड. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण बोलताना तो मधेमधे खोकत होता. माझी सिगारेट डॉक्टरांनी दरडावल्यावर १९९१ साली सुटली. त्याची अजून सुटलेली नाही.

आता कायदे पुष्कळ झालेत. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कुणालाच विकता येत नाही. ती हद्द दाखवणारी पिवळी रेघ रस्त्यावर मारा, असंही २०१९ पासून शाळांना सांगितलेलं आहे. २०२० मध्ये आपल्या राज्याने सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी आणली. हे मला फार पटलं, कारण मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एकीचे असतात. पण आमच्या कोपऱ्यावर आजही एक सुटी मिळते, आणि लायटर दोरीला टांगलेला असतो.

आणखी एक. मुलांनी काढलेली चित्रं पाहिली, तर सगळीकडे सिगारेट ओढणारी कवटी. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आसपास होते. खाणारे, मळणारे, मिशरी लावणारे मात्र चोवीस! म्हणजे मूल चित्रात सिगारेटवर फुली मारतं आणि घरी येऊन आजीची मिशरीची डबी शोधून देतं. त्या दोन्हींचा काही संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

"हे मोठ्यांचं काम, तुम्ही नाही हं करायचं" असं आपण सांगतो, ते तर आमिषच आहे. वयात येणाऱ्या पोराला मोठं होण्यापलीकडे दुसरं हवं तरी काय असतं? अमेरिकेत फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनेच १९९८ मध्ये मुलांसाठी 'ओढू नका'ची मोहीम काढली होती. २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला: त्या जाहिराती पाहिलेल्या मुलांचा कल सिगारेटकडे उलट थोडा जास्तच दिसला. कंपन्या लोकांना कसं फसवतात हे उघड दाखवणारी दुसरी एक मोहीम मात्र लागू पडली. मुलांना उपदेश नको असतो, लबाडी मात्र बरोबर कळते. आमची लबाडी त्या मुलाला कळलीच होती की.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शपथ पालकसभेत घ्यावी. आधी शिक्षकांनी, मग आईबापांनी. मुलं ऐकायला बसू देत.

परवा नातवाला ती तिसऱ्या सिगारेटची गोष्ट सांगितली. त्याने विचार केला आणि विचारलं, "मग बाबांच्या स्कूटरच्या डिकीतली पुडी मी आणून दिली, तर माझी शपथ मोडते का?"

चिरंजीव हे वाचतातच. त्यांनी उत्तर द्यावं.