इंग्रजी उत्तम, पण पासपोर्ट कोणता?

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळवून देतो, असे एखादी एजन्सी आपल्या धर्मग्रामांतील बी.एड. झालेल्या तरुणींना सांगते, तेव्हा मुख्य अट अनेकदा अनुच्चारितच राहते. तेथील भाषाशिक्षकांच्या ई-२ व्हिसासाठी उमेदवाराच्या इंग्रजीआधी पासपोर्ट पाहिला जातो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच तो सर्वसाधारणपणे मिळतो. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे भारतीय शिक्षकांसाठी एक दार किलकिले झाले खरे. परंतु ते सहायक इंग्रजी शिक्षकाच्या कामापुरतेच, आणि त्यासाठी पदवीबरोबर अध्यापनाची अर्हताही हवी.

बालवर्गापासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला ही अट बोचणारच. आम्हालाही ती न्याय्य वाटत नाही. पण ती बदलणे कोणत्याही एजंटाच्या हाती नाही. 'टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचे आम्ही पाहू', असे तो म्हणत असेल, तर मायदेशी परत पाठविले जाण्याचा धोका त्याला नसून त्या मुलीला आहे, हे पालकांनी ओळखावे.

आपल्याकडील १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा एजंटाने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये (अधिक जीएसटी) आहे. नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येतो. घरातील दागिने गहाण ठेवण्यापूर्वी तो क्रमांक, व्हिसाचा प्रकार आणि शाळेचे नाव असलेला करार मागून घ्यावा, पैशांची पावतीही.