घरातील हवा कोणाच्या हाती?

भाद्रपद सरत आला आणि पावसाने उघडीप दिली, की बेसा परिसरातील रिकाम्या भूखंडांवर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडल्यासारखे दृश्य दिसू लागते. दुरून मनोहर वाटणारी ही फुले गाजरगवताची असतात. त्याच सुमारास वर्गात शिंकांचा आवाज वाढतो, दम्याचे रोगी दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागतात आणि घरोघरी खिडक्या लावून घेण्याची घाई सुरू होते. खिडकी लावली म्हणजे आपण सुरक्षित झालो, ही समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे.

आपण पाणी गाळून, प्रसंगी उकळून पितो; धान्य निवडून आणि पाखडून घेतो. परंतु प्रौढ माणूस दिवसाकाठी जी दहा-अकरा हजार लिटर हवा छातीत घेतो, तिची चौकशी आपण कधी करीत नाही. बंद घरातील हवा बाहेरच्या हवेहून स्वच्छ असतेच असे नाही. फोडणीचा धूर, उदबत्ती, कोरड्या झाडूने उडणारी धूळ, गाद्या-उशांतील धूळकिडे आणि भिंतींवरील बुरशी ही सर्व घरातीलच देणगी आहे. मच्छर-अगरबत्तीची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अशी एक अगरबत्ती जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात. ज्या घरात सिगारेटला मज्जाव आहे, त्याच घरात लेकराच्या उशाशी ती रात्रभर जळत असते! डासांपासून संरक्षण हवेच. पण ते मच्छरदाणीने आणि खिडकीच्या जाळीनेही मिळते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात जीव वाचविणारा कूलरही यातून सुटत नाही. हंगाम संपल्यावर ओल्या गवताच्या ताट्या आणि टाकीतील साचलेले पाणी तसेच राहिले, तर तेथे बुरशीला आयतेच घर मिळते. ताट्या काढून, टाकी घासून, कोरडी करून ठेवणे हे अर्ध्या दिवसाचे काम. परंतु ते बहुधा पुढच्या चैत्रावर ढकलले जाते.

या दोषांवरील उपाय बहुतेक बिनखर्चाचे आहेत. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवावेत, गाद्यांना कडक ऊन दाखवावे. फोडणी घालताना धूर बाहेर टाकणारा पंखा चालू असावा. खिडक्या दिवसभर बंद न ठेवता ऊन चढल्यावर काही वेळ उघडाव्यात; कारण हिवाळ्याच्या पहाटे धूर जमिनीलगत कोंडलेला असतो. आपल्या आजीला यातील पुष्कळसे ज्ञान होते. ते मागासलेपणाचे लक्षण समजून आपण टाकून दिले.

बाजाराने यावर यंत्राचा तोडगा काढला आहे. हवा शुद्ध करणारे चांगले यंत्र परागकण आणि धूलिकण अडविते, हे खरे. दम्याच्या रोग्याच्या खोलीत ते उपयोगीही पडते. परंतु ते एका बंद खोलीपुरतेच काम करते आणि त्याची गाळणी वरचेवर बदलावी लागते. ज्या कारकुनाला महिनाअखेर किराण्याचा हिशेब जुळविणे कठीण, त्याने श्वासासाठीही हप्ते भरावेत काय? कुंडीतील रोपे हवा शुद्ध करतात, या लोकप्रिय समजुतीचाही भरवसा धरू नये. २०१९ मधील एका फेरआढाव्याने दाखविले, की तसा परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला निदान दहा, कदाचित शेकडो रोपे लागतील.

खरा प्रश्न उंबरठ्याबाहेरचा आहे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण देऊन एक सिद्धांत मांडला. उत्पादकाच्या हिशेबात न येणारा खर्च समाजाला सोसावा लागतो, हे त्याचे सार. आमच्या वस्तीत धुराडे नाही. पण भूखंड आहेत. शहर दक्षिणेकडे पसरले, तशा जमिनींच्या किमती चढल्या. अनेकांनी भूखंड घेतले ते राहण्यासाठी नव्हे, भाव वाढण्याची वाट पाहण्यासाठी. वाढत्या भावाचा नफा मालकाचा. त्यावर माजणाऱ्या गाजरगवताचे परागकण मात्र शेजाऱ्यांचे! शेजारच्या बांधकामावर उघडी पडलेली वाळू आणि कोपऱ्यावर पेटविलेला कचरा यांचाही हिशेब हाच.

गाजरगवताची वाढ भारतात प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदली गेली. आज ते देशभर आहे. एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणून ते फुलण्यापूर्वी, आषाढ-श्रावणात, हातमोजे घालून मुळासकट उपटले पाहिजे. आश्विनात फुलांसह कापणे म्हणजे परागकण उधळणे होय. मालकाने ठरावीक मुदतीत भूखंड स्वच्छ केला नाही, तर स्थानिक संस्थेने तो करून घ्यावा आणि खर्च कराच्या देयकात जोडावा. गरीब मालकावर यामुळे अन्याय होईल, असा आक्षेप येईल. परंतु रिकामा भूखंड राखून ठेवणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारी भाड्याने राहणारा अधिक श्रीमंत असतो काय?

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश झाला. पर्यावरण-संशोधनाची राष्ट्रीय संस्था, नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे. ज्ञानाची वाण येथे नाही. पण मोजमापाचे यंत्र चौकात उभे राहते. ज्या स्वयंपाकघरात आणि शयनगृहात आपले आयुष्य जाते, तेथे ते पोहोचत नाही.

म्हणून जबाबदारीची वाटणी स्पष्ट हवी. चादर, चूल आणि कूलर हे आपले काम; भूखंड, धूळ आणि कचऱ्याचा धूर हे शासनाचे. पहिल्यात आपण कुचराई केली, तर दुसऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार दुबळा होतो. आणि दुसऱ्याविषयी आपण मौन धरले, तर कितीही खिडक्या लावल्या तरी शेजारच्या भूखंडावरील गवत आपल्या घरात येतच राहील.