‘प्रेषित’ आणि खालाजान

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. 2025 साली मान्सून 25 मे रोजीच सिंधुदुर्गात उतरला. वीज गेली ती गेलीच आणि सुट्टीला आलेली पाहुणेमंडळी आमच्या ओटीवर अडकून पडली. अशा एका दुपारी खालाजाननी टेबलावरचे एक पुस्तक उचलले, पदराने पुसले आणि कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, सीरतच्या पुस्तकांशेजारी नेऊन ठेवले. वर आम्हालाच दम भरला, “मास्तर झालंस, आणि असा पुस्तक खाली ठेवतत काय रे?”

पुस्तकाचे नाव ‘प्रेषित’. लेखक जयंत नारळीकर.

आता वाचकहो, आपल्या घरांत ‘प्रेषित’ म्हटले की एकच अर्थ. खालाजानचे काय चुकले? ही परग्रहावरून पृथ्वीवर पाठवलेल्या एका मुलाची कादंबरी आहे, असे सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मगे त्येनी नाव तरी दुसरा ठेवूक होया होता.” पुस्तक मात्र वरच राहिले.

20 मे रोजी पुण्यात नारळीकर वारले. त्यानंतर आम्ही शाळेच्या वाचनालयातून त्यांची चार पुस्तके घरी आणली होती, मुलांनी सुट्टीत वाचावीत म्हणून. मोबाईलची बॅटरी संपली आणि पुस्तके खरोखरच वाचली गेली. संध्याकाळी कंदील लावून सगळे ओटीवर बसले की वाद सुरू.

चाचांची हयात बोटीवर गेली. ते म्हणाले, “गोष्ट म्हणून देतात आणि धडा वाचायला लावतात. ह्यात माणसे कुठे आहेत? एक शास्त्रज्ञ बोलतो, दुसरा ऐकतो.” शेजारी राहणारे आमचे उर्दूचे सहकारी त्यांच्याच बाजूचे. त्यांचे बालपण इब्ने सफींच्या ‘इमरान सीरीज’वर पोसलेले. “इमरानसारखा एक तरी माणूस नारळीकरांकडे दाखवा,” असे त्यांनी आव्हानच दिले. त्यावर आमची आठवीतली लेक म्हणाली, “पण चाचाजान, यान कसे चालते तेच कळले नाही, तर ते बिघडल्यावर भीती कशी वाटेल?” चाचा तिच्याकडे बघतच राहिले.

आमचे मत दोघांच्या मधले. माणसे फिकी आहेत, हे खरे. पण 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना या माणसाने स्वतःचे नाव लपवले होते, हे आम्हाला फार आवडते. जयंत विष्णू नारळीकर, ज.वि.ना.; ती अक्षरे उलटी करून ना.वि.ज., म्हणजे नारायण विनायक जगताप! पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झालेला शास्त्रज्ञ नवख्यासारखा रांगेत उभा राहिला, आणि बक्षीस कथेला मिळाले, नावाला नाही.

एका हाजीसाहेबांची तक्रार वेगळी होती. नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केले. विश्व एकाच महास्फोटातून जन्मले, हे त्यांना कधी पटले नाही. “आपल्या वाझमध्ये तर महास्फोटाचा दाखला देतात. मग ह्यांची पुस्तके मुलांना का द्यायची?” बहुतेक खगोलशास्त्रज्ञ आज महास्फोटाच्या बाजूचे आहेत, हे आम्ही त्यांना सांगितले. पण ईमान विज्ञानाच्या खुंटीवर टांगण्याची घाई आम्हाला पसंत नाही. उद्या खुंटी हलली तर काय करणार?

या सगळ्यात एक जण बोलत नव्हता. आमचा भाचा. शहरातल्या सीबीएसई शाळेत शिकतो, यंदा बारावीला. अकरावीच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात नारळीकरांची एक कथा धडा म्हणून आहे. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर भलत्याच भारतात जाऊन पोहोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले. इंग्रज मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यापुरते उरले आणि दिल्लीचा बादशहा नावाला गादीवर आहे.

“तुला नाही आवडली?” आम्ही विचारले.

“आवडली ना मामू. पण धडा झाल्यावर वर्गातला एक मुलगा मला अब्दाली म्हणायला लागला. मग सगळेच. परीक्षेपर्यंत.”

त्याने हे घरी कोणाला सांगितले नव्हते. आमच्या बहिणीने हातातली सुपारी तशीच ठेवली.

आम्ही त्याला इब्राहिम खान गारद्याविषयी सांगितले. बुसीच्या हाताखाली फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, आधी निजामाच्या चाकरीत असलेला हा सरदार सदाशिवरावभाऊंबरोबर पानिपताला गेला. 14 जानेवारी 1761 रोजी त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. मुसलमान अब्दालीच्या बाजूला होते, तसे भाऊंच्या तोफांमागेही होते.

“मग सरांनी हे का नाही सांगितले?” भाच्याने विचारले.

धड्यात ते नाव नाही. कथा एका गोळीची आहे, त्याबद्दल नारळीकरांना दोष देण्यात अर्थ नाही. ते सांगणे वर्गात उभ्या असलेल्या माणसाचे काम. आणि इथे आमची मान खाली गेली. आम्ही वीसएक वर्षे शिकवतो आहोत. पानिपताचा विषय कितीदा तरी निघाला. इब्राहिम खानाचे नाव आम्ही एकदाही घेतले नाही. मुसलमान मास्तरने ते घेतले तर मुद्दाम घेतले, असे कोणाला वाटेल, ही भीती. कोणाला वाटेल, हे आम्ही कधी विचारून पाहिले नाही. सोळा वर्षांच्या पोरासमोर हे कबूल करताना जड गेले. तो काही बोलला नाही.

बऱ्याच वेळाने त्यानेच विचारले, “मामू, विश्वासरावांना गोळी लागली नसती, तर इब्राहिम खानही वाचला असता का?”

“ह्या लिही,” चाचा एकदम म्हणाले. “ह्याच्यात माणूस असा.”

दोन दिवस तो वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहीत होता. आम्ही पाहिले नाही, त्यानेही दाखवले नाही. निघायच्या सकाळी खालाजाननी स्वतः स्टुलावर चढून ‘प्रेषित’ वरच्या फळीवरून काढले, पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि त्याच्या हातात दिले.

“बॅगेत वरच ठेव,” त्या म्हणाल्या, “कपड्यांखाली नको.”