चेक एक, स्पेलिंग तीन



सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "इंग्रजीच्या पेपरात 'बाबांनी बँकेचा चेक लिहिला' असं वाक्य होतं. मी चेकचं स्पेलिंग सी-एच-ई-सी-के केलं. बाईंनी लाल रेघ मारून अर्धा मार्क कापला. पण माझ्या अमेरिकन गोष्टीच्या पुस्तकात तर हेच स्पेलिंग छापलंय! मग बरोबर कोण? बाई की पुस्तक?"

प्रश्न अर्ध्या मार्काचा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला आपल्याला इराणच्या राजापर्यंत जावं लागेल. चला तर!

आधी बुद्धिबळाचा पट आठवा. तुम्ही घोडा सरकवता आणि ऐटीत म्हणता, "शह!" हा शब्द मूळचा फारसी. शाह म्हणजे राजा. 'शह' म्हणजे 'तुझा राजा सांभाळ' अशी सूचनाच. हा खेळ आपल्याकडून चतुरंग या नावाने इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. खेळाबरोबर शाहसुद्धा प्रवासाला निघाला. लॅटिन आणि जुन्या फ्रेंच भाषेतून जाता जाता त्याचा उच्चार बदलला आणि इंग्रजीत तो 'चेक' झाला. म्हणजे आपला शह आणि इंग्रजांचा चेक हे चक्क भाऊ-भाऊ! 'चेस' हे खेळाचं इंग्रजी नावही याच घराण्यातलं.

आता गंमत पाहा. शह बसला की राजाला मनासारखं हलता येत नाही. त्यामुळे चेक म्हणजे अटकाव, लगाम असा अर्थ आला. अडवलं की माणूस तपासतोच, म्हणून पुढे चेक म्हणजे तपासणी. मुलुंडचा चेकनाका मुंबई-ठाण्याकडच्या मित्रांना माहीत असेलच. पूर्वी अशा नाक्यांवर जकातीसाठी मालाच्या गाड्या थांबवून तपासत असत. 2017 साली मुंबईतली जकात बंद झाली, पण नाव काही लोकांच्या तोंडून गेलं नाही.

बुद्धिबळाच्या पटावर चौकोनच चौकोन असतात. म्हणून चौकड्यांच्या कापडालाही चेक म्हणू लागले. शाळेचा चौकड्यांचा शर्ट घालताना आठवण ठेवा, अंगावर बुद्धिबळाचा पट आहे!

पण बँकेचा चेक यात कुठून आला?

12व्या शतकात इंग्लंडच्या राजाचे अधिकारी कराचा हिशेब एका मोठ्या टेबलावर करत. त्यावर पट्ट्यापट्ट्यांचं, बुद्धिबळाच्या पटासारखं कापड अंथरलेलं असे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून पाहा, नाकी नऊ येतील! म्हणून ते कापडावरच्या रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब करत. या पटावरून राजाच्या खजिन्याच्या खात्याला 'एक्सचेकर' हे नाव पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात.

पुढे 18व्या शतकात बँकेच्या कागदांना 'चेक' म्हणू लागले. कागदाचा एक भाग फाडून द्यायचा आणि दुसरा, म्हणजे स्थळप्रत, आपल्याकडे ठेवायचा. दोन्ही ताडून पाहिले की खोटेपणा पकडता येई. लबाडीला आळा घालतो तो चेक! तेव्हा त्याचं स्पेलिंग साधं सी-एच-ई-सी-के असंच होतं. नंतर इंग्लंडात एक्सचेकर शब्दाची छाप पडून ते सी-एच-ई-क्यू-यू-ई झालं. अमेरिकेने मात्र साधं स्पेलिंगच ठेवलं. म्हणजे आपल्याला जे 'नवीन, अमेरिकन' वाटतं, तेच खरं तर जुनं!

मग अर्ध्या मार्काचा निकाल काय? आपल्या देशात चेकबद्दलचा जो कायदा आहे, तो 1881 सालचा. त्यात क्यू-यू-ई आहे. बाबांच्या चेकबुकवरही तेच दिसेल. आपल्या शाळांत ब्रिटिश पद्धतीचं इंग्रजी शिकवतात, म्हणून बाईंचं बरोबर. आणि पुस्तक? तेही बरोबर, कारण ते अमेरिकेतलं आहे. पालकांनो, अशा वेळी मुलांना नुसतं "चूक" म्हणू नका. "हे तिकडचं, हे इकडचं" असं सांगा. म्हणजे पुस्तकावरचा विश्वासही उडत नाही आणि बाईंवरचाही. मात्र मित्रांनो, एका निबंधात दोन्ही पद्धतींची खिचडी नको.

लक्षात ठेवायची युक्ती : चेक वटवायला बँकेत 'क्यू' लावावा लागतो, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्येही क्यू!

पण हा क्यू फक्त बँकेच्या चेकला. तपासणे या अर्थाने लंडनमध्येसुद्धा सी-के हेच लिहितात. "सर, माझी वही चेक करा" असं लिहिताना क्यू-यू-ई घातलंत तर मार्क नक्की जाणार! एक छोटा अपवाद : 'चौकड्यांचा' या अर्थी 'चेकर्ड' हे विशेषण ब्रिटिश पद्धतीत क्यू-यू घालून लिहितात, अमेरिकन पद्धतीत सी-के घालून.

अमेरिकेतले आणखी दोन अर्थ माहीत असू द्या. तिथे हॉटेलातल्या बिलाला चेक म्हणतात. आणि आपण जिला 'टिक' म्हणतो, त्या बरोबरच्या खुणेलाही चेक म्हणतात. तिकडच्या एखाद्या फॉर्मवर 'चेक द बॉक्स' असं असेल, तर चौकोन तपासत बसू नका, त्यात टिक करा!

आता तिसरं स्पेलिंग. युरोपात एक देश आहे, चेक प्रजासत्ताक. 1 जानेवारी 1993 रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, त्यांतला हा एक. याचं स्पेलिंग सी-झेड-ई-सी-एच. उच्चार तोच, पण हा शहाचा भाऊ नव्हे! सी-झेड मिळून 'च' ही पोलिश भाषेची रीत. खुद्द चेक लोक सी वर एक छोटी उलटी टोपी घालून 'च' लिहितात. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो याच भाषेने. 1920 साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकात तो पहिल्यांदा आला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी.

आता तुमची पाळी. पुढच्या वाक्यांतल्या चेकचं स्पेलिंग काय? सी-के, क्यू-यू-ई की सी-झेड?

1. आजोबांनी वीजबिलाचा चेक फाडला.
2. पंचांनी सामन्याआधी बॅट चेक केली.
3. प्राग ही चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे.
4. ताईला निळ्या चेक्सचा फ्रॉक हवा आहे.
5. न्यूयॉर्कच्या हॉटेलात जेवण झाल्यावर काकांनी वेटरकडे चेक मागितला.

(उत्तरे : 1. क्यू-यू-ई 2. सी-के 3. सी-झेड 4. सी-के 5. सी-के. आणि काकांनी मागितलं ते बिल!)

पाचही बरोबर आली? मग तुमच्या वहीत एक मोठा 'चेक'! कोणता, ते तुम्हीच ओळखा.