घरचा पोहण्याचा हौद

पोहण्याला विहीर हेंच खरें स्थान, असें आमच्या पिढीस वाटत असे. पाठीस वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून वडील मंडळींनीं मुलाला पाण्यांत लोटावें आणि पंधरा दिवसांत त्यानें काठावरून आपण होऊन उडी घ्यावी, हा खेडोपाडींचा क्रम होता. त्या पाण्याची चिंता कोणी करीत नसे, व करण्याचें फारसें कारणहि नसे. झरा नवें पाणी आणी आणि मोट जुनें पाणी मळ्याकडे नेई. अलीकडे लोणावळें, कर्जत, अलिबाग या बाजूंस, तसेंच पुणें-नाशिकच्या आसपास, बंगल्याच्या आवारांत पोहण्याचा हौद बांधण्याची चाल पडली आहे. चार भावांनीं मिळून घेतलेलें घर, सुटींत जमणारीं पंधरा-वीस माणसें आणि त्यांत निम्मीं मुलें, अशा कुटुंबाला हौदाचा मोठा आनंद आहे यांत शंका नाहीं. मात्र या हौदास झरा नाहीं आणि मोटहि नाहीं. एकदां भरलेलें पाणी महिनोन्‌महिने तेंच राहतें. झऱ्याचें काम तेथें औषधानें आणि मोटेचें काम पंपानें करावयाचें असतें. दोहोंपैकीं एक जरी थकलें, तरी शोभेच्या हौदाचें चार दिवसांत डबकें होतें.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत निवळीच्या फळाचा दृष्टांत आहे. तें फळ पाणी निवळवितें खरें, परंतु त्याचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, असा त्याचा भाव. हजारों रुपयांचें यंत्र बसवून त्याचें नांव पाहुण्यांस सांगणाऱ्या गृहस्थांनीं हा दृष्टांत ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यांत आम्ही एवढीच भर घालूं कीं, निवळलेलें पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. निवळीनें काय किंवा तुरटीनें काय, गढूळपणा खालीं बसतो. रोगबीजें सर्वस्वी मरत नाहींत. तळाची फरशी स्पष्ट दिसते म्हणून पाणी शुद्ध आहे असें मानूं नये. तळ दिसेनासा झाला, तर मात्र त्या पाण्यांत कोणासहि उतरूं देऊं नये, कारण तळाशीं गेलेलें मूलहि मग दिसणार नाहीं.

प्रथम आपल्या हौदांत पाणी किती मावतें तें काढावें. फरशी कोठून आणली हें सविस्तर सांगणारे यजमान हौदाचें माप विचारतांच माळ्याकडे पाहतात, असा आमचा अनुभव आहे. लांबी, रुंदी व सरासरी खोली मीटरांत घेऊन गुणाकार करावा. हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकास ०.९ व दुसऱ्या टोकास १.५ मीटर खोल असून मधला उतार सारखा असेल, तर सरासरी खोली १.२ मीटर होते आणि पाणी ३८.४ घनमीटर, म्हणजे ३८,४०० लिटर भरतें. हा आंकडा पंपाच्या खोलींत भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. औषधाचें सारें गणित त्यावर चालतें.

पाण्यांत मोकळें क्लोरीन दहा लाख भागांत १ ते ३ भाग राहिलें पाहिजे. हजार लिटरांत १ ग्रॅम म्हणजे हा एक भाग. वरील हौदास एका भागासाठीं सुमारें ३८ ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरींत क्लोरीनचा अंश सुमारें एक-तृतीयांश असतो, म्हणून पावडर ११५ ग्रॅमच्या आसपास घ्यावी लागेल. पण ही पावडर हवेनें व ओलाव्यानें निःसत्त्व होत जाते. गेल्या वर्षीच्या उघड्या पिशवींतील पावडर वजनानें बरोबर व गुणानें फोल निघते, आणि "औषध तर रोज घालतों, मग पाणी हिरवें कां?" या तक्रारीचें मूळ पुष्कळदां तेथेंच सांपडतें. पावडर बादलीभर पाण्यांत कालवून गाळ खालीं बसूं द्यावा व वरचें निवळ तेवढें पंप चालू असतांना हौदाच्या चारी बाजूंनीं फिरवून ओतावें. वेळ संध्याकाळची बरी. उघड्या हौदांतील क्लोरीन उन्हानें कांहीं तासांतच बरेचसें नष्ट होतें. हें टाळण्यासाठीं सायन्यूरिक आम्ल मिसळलेल्या वड्या विकत मिळतात. त्या सोईच्या आहेत खऱ्या, पण क्लोरीन खर्च होऊन जातें आणि हें आम्ल पाण्यांत सांठत राहतें. फार सांठलें म्हणजे क्लोरीनचा जोर मंदावतो, व मग कांहीं पाणी काढून नवें भरण्यावांचून दुसरा उपाय उरत नाहीं.

याहून अधिक दुर्लक्ष होतें तें पाण्याच्या आम्ल-क्षार स्वभावाकडे. तो पीएच या अंकानें मोजतात. ७ हा समतोल, त्याखालीं आम्ल, त्यावर क्षार. हौदाला ७.२ ते ७.६ इष्ट. कारण असें कीं, जंतु मारण्याचें खरें काम क्लोरीनच्या एका विशिष्ट रूपाकडून, हायपोक्लोरस आम्लाकडून होतें. अंक ७.५ च्या सुमारास असतां निम्मेंच क्लोरीन या रूपांत असतें आणि ८.५ झाला कीं जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ब्लीचिंग पावडर स्वतःच क्षारधर्मी आहे. तेव्हां पाणी हिरवें दिसलें म्हणून पावडर ओतावी, तिनें क्षार वाढावा, क्षारानें तिचीच शक्ति हरावी आणि पाणी पुन्हा हिरवें व्हावें, असें रहाटगाडगें सुरू होतें. देशावरील कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत क्षार वाढला म्हणजे चुना सुटून पाणी दुधाळ होतें आणि फरशीवर व नळांत पांढरे थर बसतात. अंक उतरविण्यासाठीं हायड्रोक्लोरिक आम्ल थोडें थोडें घालतात. तें आधीं पाण्याच्या बादलींत मिसळावें. आम्ल पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत कदापि ओतूं नये.

"हौदाला क्लोरीनचा फार वास येतो, औषध कमी घाला," असें घरांतील स्त्रिया सांगतात. त्यांचें नाक बरोबर आहे, पण निदान उलटें आहे. तो डोळे चुरचुरविणारा उग्र वास मोकळ्या क्लोरीनचा नसून घाम, मूत्र इत्यादींशीं संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे तेथें मोकळें क्लोरीन बहुधा कमी पडलेलें असतें. एका रात्रीं भरपूर मात्रा देऊन तो संयोग मोडावा लागतो, आणि मोकळ्या क्लोरीनचें प्रमाण पुन्हा ३ भागांवर येईपर्यंत कोणी पाण्यांत उतरूं नये. मूळ उपाय मात्र आपल्या जुन्या शिस्तींत आहे. आधीं बाहेर अंगावर पाणी घेऊन, अंग चोळून, मगच जलाशयांत उतरावें. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाजवळच्या खोलींत विहीर होती हें पाहिल्यावर ही शिस्त किती जुनी असावी, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां या औषधांचीच भीति. ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र आलीं तर विषारी क्लोरीन वायु सुटतो. वड्यांतील क्लोरीन व पावडरींतील क्लोरीन एकाच जातीचें म्हणून एकत्र ठेवूं किंवा एकाच चमच्यानें काढूं नये, कारण त्या मिश्रणानें आग लागूं शकते, प्रसंगीं स्फोटहि होतो. दोन्हींना निराळीं कोरडीं जागा, निराळे चमचे, आणि कुलूप. स्वयंपाकघराच्या कोठारांत किंवा जिन्याखालच्या अडगळींत यांस थारा देऊं नये.

पंप व वाळूची गाळणी यांचें काम थोडक्यांत असें. सहा तासांत सर्व पाणी एकदां फिरेल अशा शक्तीचा पंप असावा; आपल्या हौदास ताशीं ६,४०० लिटर. त्याच्या तोंडाशीं जाळीची टोपली असते, ती रोज काढून पानें व केंस झाडावे. टोपली तुंबली किंवा हौदाची पातळी उतरली कीं पंप हवा ओढतो आणि कोरडा चालून त्याचें सील जळतें. गाळणीवरील दाबमापकाचा आंकडा गाळणी स्वच्छ असतां किती होता तें लिहून ठेवावें. तो सुमारें अर्ध्या बारनें वाढला म्हणजे वाळू उलट्या प्रवाहानें धुवावी, ज्यास कारागीर बॅकवॉश म्हणतात. बघण्याच्या कांचेंतून पाणी निर्मळ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटें, तें चालूं द्यावें. व्हॉल्व्हची मूठ फिरविण्यापूर्वी पंप बंद केलाच पाहिजे. चालत्या पंपावर ती फिरविली तर आंतील रबर फाटतें आणि मग पाणी न गाळतांच हौदांत परत येऊं लागतें. विजेच्या जोडणीस अर्थिंग व गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र असावें, आणि पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टांचेच घ्यावे. याविषयीं अधिक लिहीत नाहीं. हें काम परवानाधारक माणसाचें आहे.

पंपाच्या एका अंगाविषयीं मात्र सविस्तर लिहिणें प्राप्त आहे. तळाला जें शोषण-द्वार असतें, त्यावरील जाळी तुटली वा सैल झाली, तर त्याच्या ओढीनें मुलाचा हात, केंस किंवा अंग तेथें अडकून राहतें, व मोठ्या माणसाच्या बळानेंहि तें सुटत नाहीं. २००२ सालीं अमेरिकेंत माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशाच शोषणानें पाण्याखालीं धरली जाऊन मरण पावली, आणि २००७ सालीं तेथें या द्वारांच्या जाळ्यांविषयीं कायदा झाला. अर्थात्‌ शोषण-द्वारें दोन, एकमेकांपासून दूर असावीं, म्हणजे एक बंद पडलें तरी ओढ एकवटत नाहीं. जाळी फुगीर घुमटाची असावी. ती हलत असेल त्या दिवशीं पंप बंद आणि पोहणेंहि बंद. पंपाची कळ कोठें आहे हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक हवें.

आणि येथें एकत्र कुटुंबाची एक उणीव सांगितली पाहिजे. घर भरलेलें असलें म्हणजे मुलांकडे पुष्कळ डोळे आहेत असें वाटतें. काकूस वाटतें आत्या पाहत आहे, आत्यास वाटतें दादा काठावर आहे, आणि दादा तर नुकताच पाहुण्यांना आणावयास गेलेला असतो. मुंजीचा किंवा मंगळागौरीचा दिवस म्हणूनच सर्वांत धोक्याचा. बुडणारें मूल नाटकांतल्याप्रमाणें हांका मारीत नाहीं. श्वास घेण्याच्या धडपडींत त्याला ओरडणें शक्यच नसतें, आणि सारा प्रकार चार पावलांवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागें निःशब्द होऊन जातो. आमची सूचना अशी कीं, ज्याची पाळी त्याच्या गळ्यांत शिट्टी असावी. त्याला उठावयाचें झालें तर ती दुसऱ्याच्या गळ्यांत घालूनच उठावें. गळा मिळाला नाहीं तर सर्व मुलें बाहेर. हौदाभोंवतीं निदान चार फूट उंचीचें कुंपण व आपोआप मिटणारें फाटक हवें, आणि खेळ संपल्यावर चेंडू-खेळणीं पाण्यावर तरंगत ठेवूं नयेत. रांगतें-चालतें मूल त्यांच्याकडेच धांवतें. बाहेर काढलेल्या मुलास उलटें टांगणें किंवा त्याचें पोट दाबणें ही जुनी समजूत सोडून द्यावी. तोंडानें श्वास देणें व छातीवर दाब देणें ही क्रिया घरांतील दोघांतिघांनीं तरी जाणत्याकडून प्रत्यक्ष शिकून ठेवावी, व त्याच वेळीं दुसऱ्यानें १०८ या क्रमांकास कळवावें.

पावसाळ्यांत हौद रिकामा करूं नये. मालक शहरांत राहणार, तेव्हां चार महिने कोरडा ठेवूं, हा विचार वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु भोंवतालची जमीन पाण्यानें भरली कीं रिकाम्या हौदास खालून उचल बसते, आणि भरल्या हौदाचें वजन ज्या बांधकामास स्थिर ठेवीत होतें, तें मग तडकतें, कधीं वर उचललें जातें. पाणी ठेवावें, पंप रोज कांहीं तास चालवावा. निश्चल पाणी डांसांना आंदणच. एरवींहि नीट राखलेला हौद दरवर्षीं उपसण्याचें कारण नसतें, आणि पलीकडच्या गांवांत टँकरची वाट पाहणारे हंडे रांगेंत असतां उपसूंहि नये.

शेवटीं, पाणी झपाट्यानें उतरूं लागल्यास गवंड्यास बोलावण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. पायरीवर एक बादली ठेवून तींत हौदाच्या पातळीइतकेंच पाणी भरावें, दोहोंवर खूण करावी व एक दिवस पंप बंद ठेवून पाहावें. दोन्ही सारखीं उतरलीं तर तें उन्हाचें काम. आपल्या हौदांत अर्धा सेंटीमीटर उडालें तरी तें १६० लिटर होतें. हौद बादलीपेक्षां अधिक उतरला तर गळती आहे. मग हीच परीक्षा पंप चालू ठेवून पुन्हा करावी; उतार आणखी वाढला तर दोष नळांत, तेवढाच राहिला तर बहुधा भिंतींत किंवा तळांत शोधावा.